न खेळलेलें खेळणें

एखाद्या वस्तूची किंमत ठरविणें हें वरवर पाहतां शुद्ध व्यवहाराचें काम. पण त्याच्या मुळाशीं पुष्कळदां नीतीचा प्रश्न दडलेला असतो. खेळण्यांतल्या जुन्या आगगाडीसारखी क्षुल्लक वस्तु घेतली तरी याचा प्रत्यय येतो. जर्मनींतील मेर्क्लिन कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक मापाच्या रुळांची पद्धत मांडली. पुढें अमेरिकेंत लायोनेलच्या, आणि १९२० पासून इंग्लंडांत हॉर्नबीच्या गाड्यांनीं मुलांना वेड लावलें. त्या गाड्या आज प्रौढांच्या कपाटांत आहेत, आणि त्यांची पारख करण्याचें एक शास्त्रच होऊन बसलें आहे.

१९५४ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या आगगाडी-संग्राहकांच्या संघानें अगदीं कोऱ्यापासून टाकाऊपर्यंत प्रतवारी लावून दिली आहे. रंगावर ओरखडे किती, पत्र्याला पोचा आला आहे काय, गंज कोठें चढला आहे, सारे भाग मूळचेच आहेत कीं बदललेले, हें पाहून इंजिनाला त्याची पायरी मिळते. मूळ खोकें असलें तर भाव आणखी चढतो. या शिडीच्या शिखरावर कोण? जिला एकाहि मुलाचा हात लागला नाहीं ती गाडी!

येथेंच विचारी मनुष्य अडखळतो. दिवा उजेडासाठीं, तसें खेळणें खेळण्यासाठीं. मग ज्यानें आपलें काम कधींच केलें नाहीं तें सर्वश्रेष्ठ कसें? १९५७ सालीं लायोनेलनें खास मुलींसाठीं म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती फारशी खपली नाहीं. म्हणूनच ती दुर्मिळ झाली, आणि मुलांनीं नाकारलेली तीच गाडी पुढें संग्राहकांची लाडकी ठरली.

एवढ्यावरून बाजाराला नीतीची चाड नाहीं असा निकाल देणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्याच बाजाराचा दुसरा नियम पाहा. ओरखडलेलें इंजिन नव्या रंगानें लखलखीत करून आणलें, तर संग्राहकांत त्याची किंमत बहुधा वाढत नाहीं, उतरते; आणि रंग नवा असल्याचें लपविलें तर ती लबाडी समजली जाते. म्हणजे ज्यानें निष्कलंकतेला डोक्यावर घेतलें, तोच पारखी खोट्या निष्कलंकतेपेक्षां खऱ्या कलंकाला अधिक मान देतो. पैसा तो दुर्मिळतेला मोजतो, पण विश्वास सत्यावरच ठेवतो.

शिवाय, न वापरल्यानें वस्तु टिकते हेंहि पुरतें खरें नव्हे. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कांहीं गाड्यांचे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आपोआप फुगतात, तडकतात आणि अखेरीस त्यांचा भुगा होतो. ओततांना धातूंत शिशासारखी अशुद्धता राहिली कीं हा रोग आंतून पसरतो. खोक्यांत जपून ठेवल्यानें तो टळत नाहीं. वर्षानुवर्षें बंद पडलेल्या यंत्रांतलें तेलहि घट्ट होऊन चाकें अडकतात. मुलाच्या हातून आलेला पोचा वरवरचा असतो. घात करतो तो आंतला दोष.

मग ज्याच्या घरीं अशी वडिलार्जित गाडी निघेल त्यानें काय करावें? तिच्यासारख्या मोजक्याच उरल्या असतील तर ती अवश्य जपावी; ती मग एकट्याची मालमत्ता राहत नाहीं, पुढच्या पिढ्यांसाठीं ठेवलेला पुरावा होते. परंतु तशा पुष्कळ उरल्या असतील, तर तेल-पाणी करून ती समजत्या नातवाबरोबर रुळांवर सोडावी, हेंच आम्हांस योग्य वाटतें. एखादा ओरखडा पडला तर त्यावर रंग फांसूं नये. किंमत एकदोन पायऱ्या उतरेल, हें कबूल. पण ती कशामुळें उतरली हें कोणी विचारलें, तर उत्तर देतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.