बॉल परत येईपर्यंत

टेबलाजवळ या.

वरचा दिवा लागलेला आहे. त्याच्या उजेडात हिरवं कापड पसरलंय, १०० इंच लांब, ५० इंच रुंद. बाकीचे बॉल बाजूला काढून ठेवलेत. कापडावर फक्त पांढरा आहे.

त्याच्याकडे बघा. घाई नाही.

५७ मिलिमीटरांहून जरासा मोठा. गुळगुळीत. दिव्याचा एक ठिपका त्याच्या माथ्यावर टेकलाय.

आज तुम्ही खेळायचं नाही. आज तुम्ही शिकवताय. क्यू तिच्या हातात आहे.

ती वाकते. हनुवटी क्यूजवळ येते. डावा पंजा कापडावर टेकतो. अंगठ्याच्या खाचेतून क्यू पुढे सरकते, मागे येते, पुन्हा पुढे.

बघत राहा.

तुमचं लक्ष एव्हाना तिच्या कोपरावर गेलंय. ते बाहेर आलंय. मनगट आवळलंय. खांदा वर चढलाय. तिन्ही गोष्टी तुमच्या ओठांवर येऊन थांबल्यात.

त्यांना तिथेच राहू द्या.

श्वास घ्या. सोडा. आता तिचा श्वास ऐका.

काम एवढंच आहे. टेबलाच्या मधोमध, लांबीच्या रेषेत, पांढरा बॉल सरळ मारायचा. तो पलीकडच्या कुशनवर आपटून आल्या वाटेनं परतायला हवा, थेट क्यूच्या टोकाशी. जुना सराव आहे हा. यात काहीच लपत नाही.

ती मारते.

टोक आणि बॉल यांची भेट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपते. तेवढ्यात कुणाचीच सूचना पोचत नाही, कितीही बरोबर असली तरी.

बॉल जातोय. त्याच्याबरोबर जा.

कुशन. हलका आवाज.

आता तो परत येतोय. सरळ येत नाही. उजवीकडे झुकत येतोय.

बघितलंत? टोक मधोमध लागायचं ते जरा उजवीकडे लागलं. बॉलला त्या बाजूची फिरकी मिळाली, कुशनवर ती फिरकी घासली आणि बॉल उजवीकडे वळला. घडलं ते सगळं कापडावर लिहिलेलं आहे. त्यात राग नाही, टोमणा नाही.

ती मान वळवून तुमच्याकडे बघते.

इथे थांबा. अगदी इथेच.

शिकवण्यातला सगळ्यात अवघड क्षण हाच, असं मला मनापासून वाटतं. तिला उत्तर हवंय आणि ते तुमच्यापाशी आहे. पण तिच्या हातात तो फटका अजून ताजा आहे. तुम्ही आत्ता बोललात, तर तो तुमच्या आवाजाखाली बुजेल.

एक श्वास. अजून एक.

मग हळूच विचारा, 'टोक कुठे लागलं?'

कोपराचं नाव काढू नका. ते काढलंत की पुढचा फटका ती कोपर सांभाळत मारेल. १९९८ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणाऱ्या एका यंत्रावर माणसांना शिकताना पाहिलं. काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, काहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले.

म्हणून तिला बॉलवरचा एक बिंदू द्या. तेवढाच.

(खांदा दुखत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा खांद्याबद्दलच बोलायचं, आणि लगेच.)

अशा वेळी मला पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स आठवतात. १९५८ मध्ये ते बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. पुढे ते इतरांना शिकवू लागले. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ज्या हाताला सगळं येतं, त्या हातानं दुसऱ्याचा हात चाचपडत असताना शेजारी उभं राहायचं. त्या उभं राहण्यात केवढा धीर लागत असेल.

तुम्हीही तसेच उभे आहात. तळपाय जमिनीवर. हात मोकळे.

ती विचार करतेय. करू द्या.

'उजवीकडे लागलं का?' ती विचारते.

'मारून बघ पुन्हा.'

बॉल जागेवर येतो. ती वाकते. क्यू सरकते, पुढे, मागे. कोपर थोडं आत आलंय. कुणीही न सांगता.

बॉल जातो. कुशन. येतो. या वेळी कमी झुकतो.

आता एक वाक्य द्या. एकच. 'क्यू मागे नेलीस की क्षणभर थांब, मग पुढे सोड.'

बोलून झालं. आता गप्प राहा.

ती मारते. थांबते. क्यूच्या टोकाला चॉक लावता लावताच स्वतःशी पुटपुटते, 'अजून जरासं डावीकडे.'

तिनं या वेळी तुमच्याकडे बघितलं नाही.

मनगटाचं आणि खांद्याचं पुढच्या आठवड्यात बघू.