पहिली लाल लेंडी

बीटाची कोशिंबीर जरा जास्त खाल्ली की दुसऱ्या दिवशी सकाळी क्षणभर धस्स होतं. मग आठवतं, अरे, काल बीट होतं. त्या घाबरण्यात एक मोजमापही दडलेलं असतं: अन्नाला तोंडापासून शेवटापर्यंत पोचायला किती तास लागले.

प्रयोगशाळेतल्या उंदरांचंही असंच मोजतात. त्यांना कार्माइन नावाचा लाल रंग देतात. तो आतड्यात शोषला जात नाही, त्यामुळे रंग दिल्यापासून पहिली लाल लेंडी पडेपर्यंतचा वेळ म्हणजे अन्नाचा पूर्ण प्रवास. बद्धकोष्ठतेवरचं औषध तपासायला, पार्किन्सनसारख्या आजारात आतडी मंदावतात का हे बघायला ही पद्धत कामी येते.

जुनी, पण अजूनही वापरात असलेली पद्धत कोळशाची. कोळशाची पूड कालवून उंदराला पाजायची, वीस-तीस मिनिटं थांबायचं, उंदीर मारायचा, लहान आतडं पट्टीशेजारी लांब करून ठेवायचं आणि काळा रंग कुठवर पोचला ते बघायचं. एका उंदराचं एकच मोजमाप. औषधाआधी आणि औषधानंतर असं त्याच उंदराला तपासता येत नाही, म्हणून उंदीरही जास्त लागतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चालू सर्व्हर बंद न पाडता आत काय बिघडलंय ते शोधणं हे आमचं रोजचं काम, त्यामुळे मला लाल रंगाची बाजू लगेच पटते. पण 'नॉन-इन्व्हेझिव्ह' हा शब्द जरा उघडून बघावा लागतो. रंग पोटात जावा म्हणून बऱ्याचदा घशातून नळी घालतात. उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात, म्हणून कधी त्यांना जाळीच्या तळावर ठेवतात. लेंडी कोणाची ते कळावं म्हणून एकेकटं ठेवतात. आणि कार्माइन बनतं कोचिनील नावाच्या किड्यांपासून, हजारो किडे वाळवून. उंदीर वाचला, त्याचा हिशोब किड्यांच्या नावावर गेला.

शिवाय माहितीही कमी मिळते. अन्न कुठे अडलं हे कोळसा दाखवतो. रंग फक्त कधी बाहेर पडलं एवढंच सांगतो.

तरी मला दोन पद्धतींमधला खरा फरक वेळेचा वाटतो. कोळशाच्या पद्धतीत माणसाचा अर्धा तास जातो आणि उंदराचं उरलेलं आयुष्य. रंगाच्या पद्धतीत कोणीतरी कित्येक तास, दर थोड्या मिनिटांनी, पिंजऱ्याखाली बघत बसतं. आपल्याला काहीतरी जाणून घ्यायचंय, तर त्याची किंमत कोणी मोजायची? दुसऱ्या पद्धतीत तिचा थोडा भाग माणूस स्वतःवर घेतो.

इथे दया आणि अचूकता काही अंतर बरोबर चालतात. घाबरलेल्या उंदराचं मोठं आतडं घाईने रिकामं होतं, म्हणजे भेदरलेला प्राणी आकडाही चुकीचा देतो. पण हा योगायोग आहे. कोळशाचंच उत्तर हवं असेल तिथे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, आणि नैतिक प्रश्न खरा तिथे सुरू होतो.

१९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी तीन गोष्टी मांडल्या: प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, कमी प्राणी वापरा, यातना कमी करा. लाल रंग शेवटच्या दोन गोष्टी करतो. पहिलीला हात लावत नाही. उलट, पद्धत सौम्य झाली की "हे करायलाच हवं का?" हा प्रश्न विचारायची टोचणीही कमी होते.

आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं म्हटलं आहे. पुढे असंही म्हटलं आहे की गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर यांच्यावर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठे प्राणी टाळावेत. म्हणजे दयेच्या रांगेतही उंदीर शेवटीच.

परळच्या हाफकिन संस्थेसमोरून जाताना मला हे आठवतं. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. तेव्हा ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करत होते. प्रयोगशाळा परळला आली १८९९ मध्ये. सशांना कोणी विचारलं नव्हतं. हाफकिन स्वतःला विचारू शकले.

आतड्यांच्या बाबतीत निदान काही प्रश्न माणसांना विचारता येतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेकडो लोकांनी निळे मफिन खाल्ले आणि निळा रंग कधी दिसला ते स्वतःच नोंदवलं. त्यांना नळीही लागली नाही, जाळीही नाही. नव्या, न तपासलेल्या औषधासाठी हे चालणार नाही, हे मान्य. तिथे उंदीर राहील.

मग निदान त्याच्या पिंजऱ्यापाशी थांबायला माणूस असावा, घड्याळ असावं, आणि लाल लेंडी पडेपर्यंत घाई नसावी. मात्र आधी कोणीतरी विचारलेलं असावं, की हे उत्तर बीट खाऊन मिळणार नव्हतं ना?