फोडलेला रवा

2009 सालची गोष्ट. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मंदी आली, फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि कोल्हापुरातल्या एका घरात महिनाअखेरची तोंडमिळवणी जमेनाशी झाली. घरची सून हिकमती. पोरांच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक घरात होता आणि ईबेवर लोक जुन्या वस्तू लिलावात विकतात, हे तिच्या कानावर आलं होतं. विकायला काय आहे, म्हणून तिनं शोधाशोध केली, तर सासऱ्यांच्या ट्रंकेत नाण्यांनी भरलेला पत्र्याचा डबा सापडला. सासरे, म्हणजे आबा, शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात जन्मभर दिवाणजी होते. ते म्हणाले, "पडूनच हाय. वीक."

डब्यात भोकाचे पैसे होते, तांब्याचे पाव आणे होते, चांदीचे काही रुपये होते. जुन्या नाण्याला लाखो मिळतात, अशी गल्लीत वदंता होतीच. सुनेनं तांब्याची नाणी चिंचेनं घासून लखलखीत केली. एका भोकाच्या पैशाचा फोटो टाकला, वर 'अतिदुर्मीळ' असं लिहिलं आणि बोलीची सुरुवात ठेवली पाच हजारांपासून.

सात दिवस लिलाव चालला. एकही बोली आली नाही.

"बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात आबा, माझं तर तांबंसुद्धा विकलं नाही."

"माती विकती, पण एकदाच," आबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तो घेणारा आपल्या दुकानाची पायरी चढत न्हाई. लोकांचा माल कितीला गेला, ते बघितलंस का?"

तिनं ते बघितलंच नव्हतं. मग ती रोज संपलेले लिलाव चाळू लागली. मागितलेली किंमत आणि खरोखर मिळालेली किंमत यांत किती अंतर असतं, ते तिला तिथं कळलं. भोकाचा पैसा 1943 ते 1947 या काळात निघाला. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून मधे भोक. आणि तो इतका अमाप पाडला गेला की त्याला दुर्मीळ म्हणणं हास्यास्पद होतं. घासलेल्या नाण्याकडे तर जाणकार बघतसुद्धा नाहीत. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर ही त्याच्या वयाची साक्ष. ती चिंचेनं धुऊन निघाली की परत येत नाही.

कायदाही तिनं समजून घेतला. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. डब्यातला 1862 चा राणीछाप रुपया तिनं निमूटपणे बाजूला ठेवला.

मग विकायला काढला 1919 चा पाचव्या जॉर्जचा रुपया. वजन भरलं साडेअकरा ग्रॅमच्या वर, मुंबई टांकसाळीचा ठिपका स्पष्ट, चेहरा शाबूत. पण कडेला झाळकामाची खूण होती. आबांच्या आईच्या गळ्यातल्या माळेत तो ओवलेला असे. नंतर कुणीतरी कडी काढून ती जागा कानशीनं घासली होती. सुनेनं फोटो असा घेतला की कड दिसूच नये. आबांनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"सौद्याला घेणारे जमले की आम्ही गुळाचा रवा फोडून दाखवायचो. वरनं पिवळाधमक आणि आतनं काळा, असा माल एकदा निघाला की त्या शेतकऱ्याचा पुढचा गूळ बी पडत्या भावानं जायचा. तुझ्या ह्या सौद्यात तर घेणाऱ्याला मालाला हातच लावता येत न्हाई. मग रवा कुणी फोडायचा?"

सुनेनं कडेच्या खुणेचा फोटो जवळून काढून सगळ्यात आधी लावला. खाली लिहिलं, 'माळेतला रुपया, कडी काढून कड घासल्याची खूण आहे, बाकी नाणं घासलेलं नाही.' वजन दिलं, टांकसाळ दिली, टपालखर्च वेगळा सांगितला. बोली दोनशेपासून ठेवली.

या लिलावाची रीत अशी की घेणारा आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीनं समोरच्याच्या फक्त एक पायरी वर बोली लावत जातं. म्हणजे एकट्या गिऱ्हाइकाच्या हौसेवर भाव चढत नाही. मालाचा भरवसा वाटणारी निदान दोन माणसं लागतात. त्या रुपयाला ती मिळाली. शेवटच्या काही मिनिटांत चढाओढ लागली आणि तो 365 रुपयांना गेला. जाड पुठ्ठ्यात बांधून तिनं तो दुसऱ्या दिवशीच रजिस्टरनं पाठवला. घेणाऱ्यानं शेरा लिहिला, 'सांगितलं तसंच निघालं.'

संकेतस्थळाचं शुल्क आणि पुठ्ठा वजा जाता हाती फार उरलं नाही. पण त्या शेऱ्यावर पुढची नाणी विकली गेली. डबा संपल्यावर शेजारपाजारचे लोक आपल्याकडची नाणी, तिकिटं, जुनी फाउंटन पेनं विकायला तिच्याकडे देऊ लागले. ती प्रत्येक वस्तूची खोट आधी लिही, मग गुण. महिन्याकाठी पोरांच्या शिकवणीचा खर्च त्यातून भागू लागला.

ऑगस्ट 2018 मध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं. गावोगावच्या विक्रेत्यांनी मिळवलेल्या शेऱ्या-ताऱ्यांचा तिथं उपयोग उरला नाही. हिची गिऱ्हाइकं मात्र तुटली नाहीत. त्यांच्याकडे तिचा नंबर होता, ते थेट फोन करून नवीन काय आलंय म्हणून विचारू लागले.

तात्पर्य : बाजार दुसऱ्याचा असतो, तो आज आहे आणि उद्या नाही, पत मात्र आपली असते. जोडधंदा सुरू करताना आधी इतरांना मिळालेला भाव बघावा, आणि मालातली खोट गिऱ्हाइकानं शोधण्याआधी आपणच दाखवावी.