विषयांतराचा अधिकार

आपल्याकडच्या अभ्यासमंडळांत ‘विषयाला धरून बोला’ ही सूचना हटकून ऐकू येते. ती देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही विज्ञानाविषयी एकत्र बसून बोलणाऱ्या माणसांचा इतिहास पाहिला, की ही सूचना जपूनच द्यावी असे मला वाटते. त्यासाठी बर्मिंगहॅमच्या ‘ल्यूनर सोसायटी’कडे पाहावे.

अठराव्या शतकातले इंग्लंड. गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवे नाहीत. म्हणून हे मित्रमंडळ पौर्णिमेच्या आसपास जमे. दुपारी जेवण, मग गप्पा आणि रात्री चांदण्यात घरी. सभासद 14 च्या आसपास. नियमावली नाही, इतिवृत्त नाही. त्यांच्याविषयी आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांच्या पत्रांतून. त्यांत कारखानदार मॅथ्यू बोल्टन होता, वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॅट होता, कुंभारकामाला उद्योगाचे रूप देणारा जोसाया वेजवुड होता आणि लिचफिल्डचा डॉक्टर इरॅस्मस डार्विनही होता.

हे मंडळ नावारूपाला यायच्या आधीपासूनच या मित्रांचे विषय कसे सरकत, ते पाहण्यासारखे आहे. वेजवुडची अडचण साधी होती: खड्ड्यांच्या रस्त्यांवरून तट्टांच्या पाठीवर लादलेली भांडी वाटेतच फुटत. म्हणून त्याला कालवा हवा होता. डार्विनने त्या खटपटीत मनापासून साथ दिली आणि 1766 मध्ये संसदेने ट्रेंट-मर्सी कालव्याला मंजुरी दिली. हेअरकॅसल टेकडीखाली बोगदा खणताना अनोळखी प्राण्यांची जीवाश्म हाडे निघाली. वेजवुडने ती डार्विनकडे पाठवली. बोलणे मालवाहतुकीचे चालले होते, ते आता जीवसृष्टी आली कुठून, या प्रश्नावर गेले. 1770 मध्ये डार्विनने ‘सर्व काही शिंपल्यांतून’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद आपल्या बग्गीवर रंगवून घेतले. लिचफिल्ड कॅथीड्रलच्या एका धर्मगुरूने त्यावर उपहासाच्या ओळी रचल्या, तेव्हा डॉक्टरांना आपले रोगी दुरावण्याच्या भीतीने ते पुसावे लागले. विचार मात्र पुसला गेला नाही. 1794 मध्ये तो त्यांच्या ‘झूनोमिया’ या ग्रंथात आला. पुढे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन हा डॉक्टरांचा नातू आणि वेजवुडच्या मुलीचा मुलगा. विषयाला धरून बोलणाऱ्या समितीत ती हाडे मातीच्या ढिगाऱ्यावरच पडून राहिली असती.

अशी मोकळीक आपोआप येत नाही. कुणीतरी ती सांभाळावी लागते. इथे ते काम विल्यम स्मॉलने केले. थॉमस जेफरसनला शिकवून झाल्यावर तो 1765 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनचे पत्र घेऊन बोल्टनकडे आला आणि तिथलाच झाला. त्याने फारसे काही छापले नाही. पण कुणाला काय अडले आहे आणि ते कुणाला सुचेल, हे त्याला ठाऊक असे. 1775 मध्ये तो गेला आणि त्यानंतरच मित्रांनी बैठकी नियमित करायचे ठरवले. शोधांच्या इतिहासात अशा माणसांना जागा मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली 1780 मध्ये आला. तो धर्मोपदेशक, रविवारी त्याला चर्च. म्हणून बैठक सोमवारी आली. वेजवुडने त्याला प्रयोगाची भांडी करून दिली, इतरांनी पैसे दिले. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, या जुन्या मताचा प्रीस्टली कट्टर समर्थक, तर डार्विन पुढे ते मत नाकारणाऱ्या लाव्हाझिएच्या बाजूला गेला. मतांची एकवाक्यता ही मदतीची अट नव्हती.

रुसवेफुगवेही होतेच. विल्यम विदरिंग या दुसऱ्या डॉक्टरला बर्मिंगहॅममध्ये यायला डार्विननेच सुचवले होते. पण हृदयविकारावर डिजिटॅलिस वनस्पती वापरण्याचे श्रेय कुणाचे, यावरून दोघांत कायमची कटुता आली. त्याहून अवघड विषय गुलामगिरीचा. वेजवुडने 1787 मध्ये साखळदंडातल्या गुलामाचे पदक घडवून गुलामगिरीविरोधी चळवळीला तिचे चिन्ह दिले. त्याच मंडळातला सॅम्युएल गॉल्टन मात्र बंदुका बनवत होता आणि त्या आफ्रिकेच्या गुलामव्यापारात जात. त्याला 1790 च्या दशकात जाहीर जाब विचारला तो त्याच्याच क्वेकर धर्मसमाजाने, आणि शेवटी बाहेरही काढले. ल्यूनर मंडळात त्याची जागा शाबूत राहिली. मैत्रीची ही किंमत मला जास्त वाटते. कुठल्याही विषयाकडे जाण्याची मुभा असलेल्या माणसांना आपल्याच जेवणाच्या टेबलावरचा विषय टाळण्याची सबब उरत नाही.

14 जुलै 1791 ला फ्रेंच राज्यक्रांतीतल्या बास्तीलच्या पाडावाच्या स्मरणार्थ बर्मिंगहॅममध्ये भोजन झाले. प्रीस्टली त्याला गेलाही नव्हता. तरी क्रांतीचा पाठीराखा म्हणून जमावाने त्याचे घर, प्रयोगशाळा, हस्तलिखिते जाळली. तो आधी लंडनला, 1794 मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे 1800 मध्येही फ्लॉजिस्टनच्या बाजूने पुस्तक लिहीत होता. मागे राहिलेले पुढेही भेटत, पण एकेक जण म्हातारा होऊन गळत गेला. राजकारणाकडे गेल्यामुळे हे मंडळ मोडले, असे म्हणणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्या माणसांतल्या कित्येकांना धर्ममतामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नव्हती, ती हवेच्या घटकांवर बोलता बोलता नागरी हक्कांवर बोलणारच होती. ते घर पेटवणाऱ्यांनीही विषय ठरवण्याचा हक्कच आपल्या हाती घेतला होता.