वाजवून घेतलेली गाडी

भद्रावतीत एक निवृत्त गुरुजी राहत. दारात पद्मिनी असावी, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, स्टिअरिंगच्या दांडीला गिअर असलेली तीच गाडी त्यांना हवी होती. 1964 साली ती ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून आली, पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच राहिली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे अशा त्या काळात ती मास्तरकीच्या पगारात बसली नाही. मग 2023च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी आली आणि गुरुजींच्या मनात दबून राहिलेलं सगळं वर आलं.

विजासनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या एका अडत्याकडे 1984ची आकाशी पद्मिनी विकायला आहे, असं त्यांना कळलं. गुरुजी एकटेच गेले. गाडीत बसले, गिअरची दांडी वरखाली केली, हॉर्न वाजवला आणि दीड लाखात सौदा ठरवून आले. दुसऱ्या दिवशी इसार द्यायचा होता.

घरी गुरुजींच्या पत्नीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “उन्हाळ्यात शंभर रुपयांचा माठ घ्यायला जाता, तर दहा माठ टिचकी मारून पाहता. दीड लाखाच्या गाडीले बोट तरी लावून पाहिलं का जी?”

भद्रावती हे कुंभारकामाचं गाव. ग्रामोदय संघानं इथल्या मातीच्या भांड्यांना दूरवर नाव मिळवून दिलं. इथल्या बाईला कच्चा माठ कानानं ओळखता येतो. गुरुजींना उत्तर सुचलं नाही. ते उठले आणि मिस्त्रींच्या घरी गेले.

मिस्त्री म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले तपासनीस. भद्रावतीतल्या या कारखान्यात दारूगोळा भरला जातो. डोळे झाकून पास केलेला एक गोळा सीमेवर कुणा जवानाच्या जिवावर उठू शकतो, हे त्यांनी पहिल्या दिवशी ऐकलं होतं आणि शेवटच्या दिवसापर्यंत लक्षात ठेवलं होतं. आता वेळ जावा म्हणून ते शेजारपाजारच्या गाड्या दुरुस्त करत. त्यांनी गुरुजींना एकच अट घातली, “शेठले सांगा, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका.”

सकाळी दोघं पोचले. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. बॉनेट कोमट होतं. थंड इंजिन उठताना जे दोष दाखवतं, ते तापलेलं इंजिन लपवतं. मिस्त्री काही बोलले नाहीत. “निवू द्या, तवर बाकीचं पाहू,” म्हणाले आणि खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं.

छतावर चुंबक चिकटलं, डिकीवर चिकटलं, दारांवरही चिकटलं. मिस्त्री उकिडवे बसले आणि दाराखालच्या पत्र्यावरून चुंबक हळूहळू मागे नेऊ लागले. पुढच्या चाकामागे वीतभर अंतरावर ते सुटून त्यांच्या हातात आलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. बोटाच्या सांध्यानं वाजवलं तर दारावर ठणठणीत आवाज येत होता आणि इथे भद्द. वर आकाशी रंग एकसारखा होता, पण खाली पत्रा नव्हताच, लांबी भरलेली होती.

मग त्यांनी पायाखालची रबरी मॅट उचलली. खाली गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारलेला होता आणि कडेनं डांबर लिंपलेलं होतं. मिस्त्रींनी पेचकसाचं टोक त्याच्या कडेला टेकवलं आणि जरासा दाब दिला. टोक आरपार गेलं. गुरुजींनी वाकून पाहिलं, तर भोकातून अंगणातली माती दिसत होती.

“जीपले खाली वेगळी चासी राहते,” मिस्त्री म्हणाले. “बॉडी सडली तरी जीप उभी राहते. हिले ते नाही. हा तळ, हा दाराखालचा पत्रा, हे छत, हेच हिचं हाडूक. हे गेलं की नुसता रंग चालून राहिला रस्त्यानं.”

आपल्या भागात असं का होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दाराखिडक्यांची रबरं तडकतात. पावसाळ्यात त्याच फटींतून पाणी आत उतरतं आणि मॅटखाली जाऊन बसतं. त्यात माजरीपासून चंद्रपूरपर्यंत कोळशाच्या ट्रकांची भुकटी कोपऱ्याकोपऱ्यात साचलेली असते. ही भुकटी ओल धरून ठेवते. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते आणि आतून पत्रा महिनोन्महिने भिजत राहतो. सांदीकोपरे साफ करायला हवेत, पण तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

अडत्याचा चेहरा लाल झाला. “मी काय लबाड आहो का जी? माह्यावर भरोसा नाही काय?”

“शेठ, तुमाले कोणी लबाड म्हणून नाही राहिलं,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “तुम्ही घेतली तवा ही मॅट उचलली होती का?”

अडत्या गप्प झाला. मग गुडघे टेकून खाली वाकला आणि त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिला. त्यानं ती मॅट कधीच उचललेली नव्हती. ज्यानं त्याला गाडी विकली, त्याच्यासमोर असं खाली बसून पाहणं त्याला लाजिरवाणं वाटलं होतं. मला या माणसाचा राग येत नाही. सडलेला माल पुष्कळदा असाच या हातातून त्या हातात जातो. पहिला एखादा लबाड असतो, पुढचे सगळे भिडस्त असतात. तपासणं म्हणजे समोरच्यावर आळ घेणं, अशी आपली समजूत झाली आहे आणि त्या समजुतीचा फायदा तेवढ्या एका लबाडाला होतो.

तोवर कागद पुढे आले. मिस्त्रींनी आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या ठशाशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, मग इंजिनचा नंबर जुळवला. दोन्ही बरोबर निघाले. पण बुकात जुन्या कर्जाचा एका बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, नोंद मात्र कुणी उतरवली नव्हती. ती उतरवल्याशिवाय गाडी गुरुजींच्या नावावर होणार नव्हती.

“आता व्हिंटेजच झाली न ही,” अडत्या म्हणाला. “तिले कागदपत्राचं काय एवढं?”

मिस्त्रींनी मान हलवली. 2021च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडीला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ती नोंद झाली की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. 1984च्या गाडीला त्यासाठी 2034 उजाडावं लागेल. तोवर इतर जुन्या गाड्यांचे नियम हिलाही लागू. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा.

इंजिन निवलं. चोक ओढून चालू केलं तेव्हा निळसर धूर आला. महामार्गावर नेऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, तर पुन्हा तसाच. म्हणजे इंजिन ऑइल पीत होतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, पाणी ऑइलमध्ये मिसळत नव्हतं, एवढं समाधान. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं तर खटखट आवाज आला. किंगपिन झिजल्या होत्या. “हे सारं होते,” मिस्त्री म्हणाले, “रिंगा पडतील, किंगपिन बदलतील. तळाचं मात्र सांगता येत नाही.”

गुरुजींचा पाय अजून गाडीतून निघत नव्हता. ते हळूच म्हणाले, “थोडे पैसे कमी करून घेऊ या का? वेल्डिंग मागाहून करून घेता येईल.”

“गुरुजी, रंग अन् लांबी खरवडल्याशिवाय किती सडलं ते मी नाही सांगू शकत. शेठही नाही सांगू शकत. ज्याचा आकडाच माहीत नाही, त्याचे पैसे कमी कसे करता?”

गुरुजींनी इसाराचं पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. अडत्यानं तरीही चहा सांगितला. तिघांनी तो मुकाट्यानं घेतला.

यानंतर अडत्याला एक सोपी वाट होती. मॅट परत अंथरून चंद्रपुरातल्या नाहीतर नागपुरातल्या कुणाला गाडी दाखवायची, गिऱ्हाइकं तर येतच होती. पण एकदा पाहिलेलं भोक त्याला न पाहिल्यासारखं करता येईना. त्यानं गाडी वेल्डरकडे लावली. लांबी खरवडली तेव्हा डावीकडचा दाराखालचा पत्रा हातभर लांब सडलेला निघाला. उजवीकडचा शाबूत होता. सडकं कापून नवा पत्रा जोडला. वेल्डरनं विचारलं, “रंग मारून देऊ का?” अडत्यानं नाही म्हटलं. त्यानं गुरुजींना निरोप पाठवला, “रंग द्यायच्या आधी येऊन पाहून जा.”

गुरुजी आले, मिस्त्रीही आले. तळाला रेड ऑक्साइड लावलेला, जोड उघडे. या वेळी गुरुजींनी स्वतः चुंबक हातात घेतलं, धोतर सावरून खाली बसले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठेही सुटलं नाही. बँकेचा दाखला आणून बोजाही उतरवलेला होता. भाव दीड लाखाच्या वर गेला, कारण कामाला पैसे लागले होते आणि त्याच्या पावत्या अडत्यानं समोर ठेवल्या. गुरुजींनी घासाघीस केली नाही. या वेळी ते कशाचे पैसे देत आहेत, हे त्यांना दिसत होतं.

इसाराची पावती लिहिताना अडत्यानं खाली आपणहून दोष मांडले. इंजिन ऑइल खाते. दोन्ही किंगपिन झिजलेल्या. दुसरा गिअर थंडीत अडतो. मागची डावी काच अर्धीच उतरते.

गुरुजींनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली. मग म्हणाले, “शेठ, हँडब्रेकचं राहिलं. चढावर गाडी मागे सरकते, मी मघाशी पाहिलं.”

अडत्यानं पेन उचललं आणि पाचवी ओळ लिहिली.