नाव लावणं आणि नाव घेणं

उचगाव नावाची दोन गावं आहेत. एक आमचं, करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला चिकटून असलेलं. दुसरं बेळगाव तालुक्यातलं, मळेकरणी देवीचं. बेळगावकडचं कुणी भेटलं आणि मी 'उचगावचा' म्हणालो, की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठलं उचगाव?" मी 'कोल्हापूरचं' म्हणतो आणि विषय संपतो. एकच नाव दोन गावांनी वापरलं म्हणून कुणाचं काही गेलं नाही. त्यामुळे नावावरून भांडणारी माणसं मला बरीच वर्षं कोत्या मनाची वाटायची.

मत बदललं ते एका ईमेलमुळे.

बिलावरची रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी होती. लेखकाने ती एमआयटी लायसन्सखाली खुली केली होती: कोड घ्या, बदला, विका, फक्त मूळ कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. त्यांनी पुढचं काम थांबवलं होतं, म्हणून मी तिचा फोर्क केला. फोर्क म्हणजे रस्त्याला फुटतो तसा फाटा. तिथपर्यंतचा रस्ता एक, पुढचा वेगळा. नाव मात्र मी तेच ठेवलं आणि शेवटी 'प्लस' जोडलं. लोक तेच नाव शोधत होते. नवीन नावाला कोण विचारणार?

मग माझ्या एका बदलात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची अदलाबदल झाली. बिलं चुकीची छापली गेली आणि तक्रारी गेल्या मूळ लेखकाकडे. त्यांनी मला लिहिलं, "कोड खुशाल वापरा, त्यासाठीच दिलाय. पण चूक तुमची आणि नाव माझं, हे बरं नाही."

मला आधी रागच आला. सगळं काम फुकट देणारा माणूस एका नावासाठी अडून बसतो?

नंतर फरक लक्षात आला. कोडची प्रत मी घेतली म्हणून त्यांच्याकडचा कोड कमी होत नाही. नावाचं तसं नाही. नाव म्हणजे एक बोट असतं. 'चुकलं तर कुणाला विचारायचं?' या प्रश्नावर ते कुणाकडे तरी दाखवतं. एकाच बोटाने दोन माणसं दाखवली, की तक्रार घेऊन आलेला भलत्याच दारात उभा राहतो. दोन उचगावांचं निभतं, कारण पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिनकोड असतो. माझ्या 'प्लस'मध्ये यातलं काहीच नव्हतं.

लायसन्स लिहिणाऱ्यांना हे आधीच कळलं होतं. अपाची लायसन्स २.० कोडवरचे हक्क देतं, पण ट्रेडमार्कचा हक्क देत नाही, असं स्पष्ट सांगतं. २००६ मध्ये मोझिलाने डेबियनला सांगितलं, की 'फायरफॉक्स' हे नाव हवं असेल तर आमचा लोगोही वापरा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनला ते पटलं नाही. त्यांनी तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने दिला, थेट २०१६ पर्यंत. कोड कुणीच अडवला नाही.

पण नाव नेहमी काम करणाऱ्यांकडेच असतं, असंही नाही. सन कंपनी ओरॅकलने घेतली, तेव्हा ओपनऑफिसचं नावही ओरॅकलकडे गेलं. २०१० मध्ये त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी बाहेर पडून 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' काढलं आणि ते नाव मागितलं. मिळालं नाही. 'लिब्रेऑफिस' हे तात्पुरतं घेतलेलं नाव मग कायमचं झालं. नाव कुणाच्या मालकीचं, हे कायदा सांगतो. ते कुणी कमावलं, हे तो सांगेलच असं नाही.

आणि मग आमच्या कोल्हापुरी चपलेचं प्रकरण घडलं, ते बरोबर उलटं होतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. 'कोल्हापुरी' या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. प्राडाने ते नाव लावलंच नव्हतं. तरी लोक चिडले, कारण त्यांनी ते नाव घेतलंही नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे.

सगळा प्रश्न या दोन क्रियापदांचा आहे. नाव लावणं म्हणजे दुसऱ्याची पत आपल्या मालावर चिकटवणं. नाव घेणं म्हणजे आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत, ते सांगणं. मी पहिली चूक केली, प्राडाने दुसरी. बीएसडीचं तीन कलमी लायसन्स दोन्ही गोष्टी एकदम मागतं: मूळ कॉपीराइटची सूचना ठेवा, आणि तुमच्या मालाची जाहिरात करायला आमचं नाव परवानगीशिवाय वापरू नका.

मी लायब्ररीचं नाव बदललं. माहितीच्या पहिल्याच ओळीत मूळ लेखकाचं आणि मूळ लायब्ररीचं नाव लिहिलं. डाउनलोड धाडकन उतरले, आणि आधीच्या आकड्यांतले माझे किती होते ते कळलं.

काही महिन्यांनी एक तक्रार आली, या वेळी थेट माझ्याकडे. 'तुमच्या लायब्ररीत चूक आहे,' असं लिहिलं होतं. त्याच रात्री बसून ती दुरुस्त केली.