उत्तरकृतीचा न्याय

एखाद्या थोर कृतीचा पुढील भाग निघाला कीं प्रेक्षक न्यायासनावर बसण्यापूर्वींच निकाल लिहून ठेवतो: मूळची सर यास कोठून येणार? हा निकाल पुष्कळदां खराहि ठरतो; परंतु जो निकाल खरा ठरतो तो न्याय्य असतोच असें नाहीं. या भेदाचा विचार करावयास आम्हांस जें उदाहरण सांपडलें, तें एका खुनाखुनीच्या बोलपटाचें आहे. वाचकांनीं यामुळें नाक मुरडूं नये, इतकीच विनंती.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको' १९६० सालीं निघाला. आडमार्गावरील मुसाफिरखान्याचा लाजाळू चालक नॉर्मन बेट्स मृत मातेचें सोंग घेऊन खून करतो, ही त्याची कथा. त्यांतील स्नानगृहाच्या प्रसंगानें पुढील भयपटांस वळण लावलें. १९८० सालीं हिचकॉक वारले, आणि १९८३ सालीं रिचर्ड फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानें 'सायको २' काढला. नॉर्मनची भूमिका पुन्हा अँथनी पर्किन्स यांनींच केली.

या दुसऱ्या बोलपटाची कथा मोठी मार्मिक आहे. बावीस वर्षांनीं नॉर्मन बरा झाला असें ठरून त्याची सुटका होते. तो घरीं परततो, एका खाणावळींत काम धरतो. परंतु मृत स्त्रीची बहीण लायला हिला हें सहन होत नाहीं. ती व तिची मुलगी मेरी मातेच्या नांवानें चिठ्ठ्या ठेवतात, टेलिफोन करतात. हेतु हा कीं, त्यास पुन्हा वेड लागावें व तो पुन्हा कोंडला जावा. पूर्वीं जो होता त्याहून निराळें कांहीं होण्याची मुभा त्यास मिळत नाहीं. उत्तरकृतीची दशा तरी याहून काय वेगळी आहे?

लायलाच्या बाजूसहि सत्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. एकाची सुटका झाली म्हणून दुसरीचें रक्त धुऊन निघत नाहीं. तसेंच, जी कृति पूर्वजाच्या नांवावर तिकिटें खपविते, आणि जुन्या स्नानगृहाच्या प्रसंगानेंच आरंभ करते, तिनें तुलनेची तक्रार करूं नये. नांव हें ऋण आहे. पण सावकारास मुद्दल मागतां येतें, ऋणकोचा प्राण मागतां येत नाहीं. तुलना करणें हा प्रेक्षकाचा हक्क होय. न पाहतां निकाल देणें हा अन्याय होय.

उत्तरकृति हीनच असावी असा सृष्टिनियमहि नाहीं. भवभूतीनें रामाचें पूर्वचरित एका नाटकांत घातलें व उत्तरचरितावर दुसरें रचलें. रसिकांनीं दुसऱ्यासच थोर मानलें. त्याचाहि आरंभ गतकाळाचीं चित्रें पाहण्यानें होतो. परंतु तेथें तीं चित्रें पाहून मनें द्रवतात, आणि कथा पुढें जाते.

'सायको २'चें खरें अपयश येथेंच दिसतें. बहुतेक चित्रपटभर तो नॉर्मनविषयीं आमच्या मनांत करुणा उत्पन्न करतो; मेरीचें मनहि पालटतें. मग शेवटीं एक वृद्धा येऊन मीच तुझी खरी आई असें सांगते, नॉर्मन फावड्यानें तिचा जीव घेतो, आणि तिचें प्रेत माडीवर नेऊन ठेवतो. जुनें घर, खिडकींतील जुनी आकृति, दारापुढें जुना नॉर्मन! प्रेक्षक जें मागत होता तें त्यास मिळालें. म्हणजे, ज्या कर्त्यानें लायलाचा हट्ट आम्हांस क्रूर म्हणून दाखविला, तोच अखेरीस तिच्या पक्षास जाऊन मिळाला.

मूळाहून उणें ठरणें हा दोष नव्हे. निराळें होण्याचा धीर सुटणें हा दोष होय. पण त्या धीराचें खच्चीकरण कोणीं केलें, हेंहि पाहिलें पाहिजे. शिक्षा भोगून आलेला मनुष्य आपल्या गल्लींत परततो तेव्हां आपण दाराआडून त्याच्या हाताकडेच पाहत असतों. तो पुन्हा चुकला म्हणजे आपण म्हणतों, आम्हांस ठाऊकच होतें. त्या ठाऊक असण्यांत आपला हात किती होता, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस विचारीत नाहीं.